सर्व्हर बदलल्यानंतर पोस्टग्रेसमध्ये पावती यादीत दिसते, पण क्रमांकाने शोधल्यास सापडत नाही

कृष्णाकाठ, सांगली (प्रश्न)

नमस्कार. तासगाव आणि सांगली परिसरातील काही शीतगृहांमध्ये ठेवलेल्या बेदाण्याच्या आवक-जावकेची नोंद ठेवणारी एक प्रणाली मी सांभाळतो. डेटाबेस पोस्टग्रेस १४ आहे. जुना सर्व्हर सेंटओएस ७ वर होता. त्या लिनक्स वितरणाची मुदत ३० जून २०२४ रोजीच संपलेली असल्यामुळे सर्व्हर बदलणे भाग होते. नव्या सर्व्हरवर रॉकी लिनक्स ९ बसवले आहे. स्थलांतराच्या वेळी दोन्हीकडची सेवा बंद ठेवून डेटाची संपूर्ण डिरेक्टरी आरसिंकने जशीच्या तशी नेली आणि पोस्टग्रेसची आवृत्तीही तीच ठेवली. सेवा विनातक्रार सुरू झाली आणि लॉगमध्ये एकही त्रुटी आलेली नाही.

त्यानंतर मात्र शीतगृहांवरून तीन प्रकारच्या तक्रारी येऊ लागल्या. पहिली अशी की कारकुनाने पावती क्रमांक टाकला की काही वेळा 'नोंद सापडली नाही' असे उत्तर येते, पण त्याच शेतकऱ्याच्या नावाने यादी काढली की तीच पावती यादीत दिसते. पावती क्रमांक मजकूर स्वरूपात असून त्यात शीतगृहाचे अक्षर, रॅक आणि अनुक्रम हे आडव्या रेघेने जोडलेले असतात, उदाहरणार्थ टी-१-३५. दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. पावती क्रमांक हीच टेबलाची प्रायमरी की (म्हणजे दोनदा येऊ न शकणारी ओळख) असतानाही काही क्रमांकांच्या दोन-दोन नोंदी झालेल्या आढळतात. तिसरी तक्रार अशी की तालुका म्हणून कऱ्हाड निवडले असता तिथले काही शेतकरी यादीतून गळतात.

या पावत्यांवर शेतकऱ्यांनी बँकांकडून तारण कर्जे घेतलेली असतात, त्यामुळे एकही पावती चुकीची ठरून चालणार नाही. डिस्क खराब झाली असावी का? व्हॅक्यूम फुल किंवा रीइंडेक्स चालवून पाहावे का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

अजिंक्यतारा, सातारा

कृष्णाकाठ, सर्वप्रथम नवीन नोंदी घेणे थांबवा आणि सेवा बंद करून डेटा डिरेक्टरीची एक पूर्ण प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ठेवा. जुना सर्व्हर अजून पुसला नसेल तर तोही हात न लावता तसाच राहू द्या, कारण कोणती नोंद स्थलांतराच्या आधीची आणि कोणती नंतरची हे ठरवताना तोच पुरावा म्हणून उपयोगी पडेल. व्हॅक्यूम फुल किंवा रीइंडेक्स इतक्यात चालवू नका. दोन्हीमध्ये इंडेक्स, म्हणजे नोंद चटकन शोधण्यासाठीची क्रमवार सूची, नव्याने बांधला जातो, आणि दुहेरी नोंदी शिल्लक असताना रीइंडेक्सने युनिक इंडेक्स बांधायला गेल्यास ते काम अर्ध्यावरच त्रुटी देऊन थांबेल.

तुमच्या वर्णनावरून डिस्कचा दोष वाटत नाही. सेंटओएस ७ मध्ये जीलिबसी (लिनक्सची मूलभूत सी लायब्ररी) २.१७ आहे आणि रॉकी ९ मध्ये २.३४. या दोहोंच्या दरम्यान, ऑगस्ट २०१८ मध्ये आलेल्या २.२८ या आवृत्तीत मजकुराचा क्रम लावण्याचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. पोस्टग्रेसचा डेटाबेस एन_यूएस किंवा तत्सम लोकेलवर, म्हणजे भाषा-प्रदेशाच्या नियमसंचावर, उभा केलेला असेल, तर मजकुराच्या दोन किमतींपैकी आधी कोणती आणि नंतर कोणती हे पोस्टग्रेस स्वतः ठरवत नाही, ते जीलिबसीला विचारते. बी-ट्री इंडेक्स हा त्या उत्तरांवर रचलेला असतो. तुम्ही इंडेक्सच्या फायली उचलून नव्या यंत्रावर आणल्या. त्यांची मांडणी जुन्या नियमांनी झालेली आहे, आणि आता त्यांत शोध मात्र नव्या नियमांनी घेतला जातो.

तुमच्याच क्रमांकांवर हे पाहता येईल. टी-१-३५ आणि टी-१२-७ हे दोन क्रमांक घ्या. जुन्या नियमांत आडवी रेघ पहिल्या फेरीच्या तुलनेत धरलीच जात नसे, त्यामुळे तुलना टी१३५ आणि टी१२७ यांच्यात व्हायची आणि टी-१२-७ आधी यायचा. नव्या नियमांत रेघेला स्वतःचे स्थान आहे आणि ते अंकांच्या आधीचे आहे, त्यामुळे टी-१-३५ आधी येतो. शोध घेताना पोस्टग्रेस इंडेक्सच्या वरच्या पानावरून खाली उतरत जाते आणि प्रत्येक पानावर डावीकडे जायचे की उजवीकडे हे अशाच तुलनेने ठरवते. एक तुलना उलटी झाली की ते भलत्याच पानावर पोहोचते, तिथे क्रमांक नसतो, आणि 'नोंद सापडली नाही' हे उत्तर ते प्रामाणिकपणे देते. दुहेरी नोंदींचे कारणही हेच आहे, कारण नवी नोंद घालताना तोच क्रमांक आधीपासून आहे का हे तपासणेसुद्धा त्याच चुकीच्या पानावर होते.

खात्री करण्यासाठी तीन गोष्टी करा. शेलमध्ये '१-१' आणि '११' अशा दोन ओळी, अंक इंग्रजी लिपीतले घेऊन आणि डेटाबेसचे लोकेल लावून, सॉर्ट आज्ञेला द्या. '११' आधी आले तर नियम जुने आहेत, '१-१' आधी आले तर नवे. जुन्या आणि नव्या अशा दोन्ही यंत्रांवर हे करून पाहा. दुसरे, न सापडणारा एक क्रमांक घेऊन पीएसक्यूएलमध्ये एनेबल_इंडेक्सस्कॅन, एनेबल_इंडेक्सओन्लीस्कॅन आणि एनेबल_बिटमॅपस्कॅन ही तिन्ही सेटिंग त्या सत्रापुरती बंद करा आणि तीच क्वेरी पुन्हा चालवा. एक्सप्लेनमध्ये सीक्वेन्शियल स्कॅन (पूर्ण टेबल ओळीने वाचणे) दिसला आणि नोंद सापडली, तर टेबल धड आहे आणि इंडेक्स बिघडला आहे असे समजावे. तिसरे, ॲमचेक हे एक्स्टेन्शन बसवून त्या इंडेक्सवर बीटी_इंडेक्स_चेक चालवा. ते फारच हलके कुलूप घेते, त्यामुळे चालू डेटाबेसवरही निर्धास्तपणे चालवता येते.

कृष्णाकाठ, सांगली

आपण सांगितल्याप्रमाणे नोंदी घेणे थांबवले असून शीतगृहांवर सध्या पावतीपुस्तकावरच काम सुरू आहे. जुन्या यंत्रावर '११' आधी येते आणि नव्यावर '१-१' आधी येते. इंडेक्स स्कॅन बंद केल्यावर न सापडणाऱ्या सर्व पावत्या सापडल्या. ॲमचेकने प्रायमरी कीच्या इंडेक्सवर 'आयटम ऑर्डर इन्व्हेरिअंट व्हायोलेटेड' अशी त्रुटी दिली.

माझ्या दोन शंका आहेत. लॉगमध्ये याची एकही सूचना कशी आली नाही? आणि रोज रात्रीचा पीजी_डम्प आजही यशस्वी झाल्याचे दाखवतो, मग त्या बॅकअपवर विसंबावे का?

वारणाकाठ, मिरज

पहिल्या शंकेचे उत्तर आवृत्तीत आहे. डेटाबेसच्या मूळ कोलेशनची, म्हणजे मजकुराचा क्रम लावणाऱ्या नियमांची, आवृत्ती नोंदवून ठेवण्याची आणि ती जुळली नाही तर जोडणी होताच इशारा देण्याची सोय पोस्टग्रेस १५ पासून आली. तुमच्या १४ मध्ये मूळ कोलेशनसाठी ती नसल्यामुळे त्याने काहीही न बोलता काम सुरू केले. १५ किंवा त्यापुढे गेल्यावर असा इशारा आला, तर त्यासोबत सुचवलेली रिफ्रेश कोलेशन व्हर्जन ही आज्ञा लगेच चालवू नका. ती फक्त नोंदवलेली आवृत्ती बदलते आणि इशारा बंद करते. इंडेक्स आहे तसाच राहतो, म्हणून आधी रीइंडेक्स करावे आणि मगच ती आज्ञा द्यावी.

डम्पबद्दल तुमची शंका रास्त आहे. पीजी_डम्प टेबलातील नोंदी सरळ ओळीने वाचतो, इंडेक्समधून नाही. त्यामुळे एकही पावती डम्पमधून सुटलेली नाही, ही चांगली गोष्ट. मात्र दुहेरी नोंदीही त्यात जशाच्या तशा उतरल्या आहेत, आणि हा डम्प रिस्टोअर करायला घेतला तर प्रायमरी की बांधण्याच्या टप्प्यावर तो अडेल. डम्प यशस्वी झाला म्हणजे रिस्टोअरही होईलच असे नसते. हा डम्प एखाद्या रिकाम्या यंत्रावर आज रिस्टोअर करून पाहा. कोणकोणत्या टेबलांत दुहेरी नोंदी आहेत हे त्या त्रुटींवरूनच कळेल. एक त्रुटी एकच क्रमांक दाखवते, म्हणून पूर्ण यादीसाठी इंडेक्स स्कॅनची ती तिन्ही सेटिंग बंद ठेवून पावती क्रमांकावर ग्रुप बाय करा आणि एकाहून अधिक वेळा आलेले क्रमांक काढा.

आता ज्या मुद्द्यासाठी मी मुख्यतः लिहायला बसलो तो सांगतो. तुमच्याकडे जावकेचे वेगळे टेबल असेल आणि ते पावती क्रमांकाला फॉरेन कीने (दुसऱ्या टेबलातील नोंदीशी जोडणाऱ्या दुव्याने) बांधलेले असेल असे गृहीत धरतो. दुहेरी पावतींपैकी नको असलेली नोंद काढताना दोन्हींचा क्रमांक एकच असल्याने ती सीटीआयडीने, म्हणजे टेबलातील तिच्या भौतिक स्थानाने, वेगळी ओळखावी लागेल. पण फॉरेन कीवर ऑन डिलीट कॅस्केड लावलेले असेल, तर ती एक नोंद काढताच पोस्टग्रेस त्या क्रमांकाच्या जावक नोंदी काढून टाकेल. त्या जावक नोंदी खरे तर राहिलेल्या पावतीच्या आहेत हे त्याला कळण्याचा काहीच मार्ग नाही. शिवाय जावक टेबलावरचा इंडेक्सही बिघडलेला असल्यास काही नोंदी जातील आणि काही राहतील, म्हणजे घोटाळ्यात आणखी घोटाळा. शेतकऱ्याने माल किती उचलला याचा हिशेब असा गुपचूप नाहीसा झाला, तर तो परत जुळवणे महाकठीण होईल.

म्हणून क्रम असा ठेवा. दुहेरी नोंदींचे सर्व तपशील आधी एका वेगळ्या टेबलात उतरवून घ्या. प्रत्येक जोडीतील खरी नोंद कोणती हे जुन्या सर्व्हरवरच्या प्रतीवरून आणि शीतगृहातील पावतीपुस्तकाच्या कार्बन प्रतीवरून ठरवा. हा निर्णय कोणत्याही क्वेरीवर सोपवू नये असे माझे ठाम मत आहे. त्यानंतर सुपरयूजरने एक ट्रान्झॅक्शन उघडून त्यात सेट लोकल वापरून सेशन_रेप्लिकेशन_रोल हे रेप्लिका करावे, म्हणजे तेवढ्यापुरते फॉरेन कीचे ट्रिगर थांबतील, आणि मग नको असलेली नोंद सीटीआयडीने काढावी. तुमचे स्वतःचे लेखापरीक्षणाचे ट्रिगर असतील तर तेही या काळात थांबतात, म्हणून काढलेल्या नोंदींची यादी हाताने जपून ठेवा. कमिट करण्यापूर्वी जावक टेबलातील नोंदींची संख्या आधीइतकीच आहे का हे पाहा, आणि इंडेक्स स्कॅन बंद ठेवूनच पाहा.

दुहेरी नोंदी निस्तरल्या की रीइंडेक्स. तुमची सेवा सध्या बंदच आहे, तेव्हा कन्करंटलीच्या, म्हणजे सेवा चालू ठेवून इंडेक्स बांधण्याच्या पर्यायाच्या, वाटेला जाण्याचे कारण नाही. साधे रीइंडेक्स डेटाबेस लवकर संपते आणि अर्धवट इंडेक्स मागे राहण्याचा प्रश्नही येत नाही. वास्तविक सगळे इंडेक्स बिघडलेले नसतात. पूर्णांक, तारीख आणि रकमा यांच्या इंडेक्सना कोलेशन लागूच होत नाही. हॅश इंडेक्स, टेक्स्ट_पॅटर्न_ऑप्सने बांधलेले इंडेक्स आणि सी कोलेशनवरचे इंडेक्स हेही सुरक्षित असतात, कारण त्यांचा जीलिबसीच्या क्रमाशी संबंध येत नाही. डेटाबेस शेकडो जीबींचा असता तर पीजी_इंडेक्समधील इंडकोलेशन पाहून नेमके बाधित इंडेक्स निवडा असे सुचवले असते. तुमच्या परिस्थितीत सगळेच पुन्हा बांधलेले बरे. शेवटी पीजी_ॲमचेक हे साधन हीपऑलइंडेक्स्ड या पर्यायासह संपूर्ण डेटाबेसवर चालवा. टेबलातील प्रत्येक नोंद इंडेक्समध्ये खरोखर आहे की नाही हे त्याने तपासले जाते.

माणदेश

वरील सर्व उपाय योग्य आहेत, पण कऱ्हाडची तक्रार त्यांनी सुटणार नाही. त्या बिघाडाचा सर्व्हर बदलण्याशी संबंध नसावा असे मला वाटते, तो आधीपासूनच असेल आणि या गडबडीत नजरेस आला असेल. तालुक्याच्या स्तंभातील वेगवेगळ्या किमती, त्यांची लेंग्थ आणि ऑक्टेट_लेंग्थ अशी यादी काढा. कऱ्हाड हा शब्द दोनदा दिसेल. दिसायला अगदी सारखा, पण एकाची लांबी ६ आणि बाइट १८, तर दुसऱ्याची लांबी ७ आणि बाइट २१.

मराठीतला हा अर्धा र दोन प्रकारे टंकला जातो. काही कळफलक ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि त्याला हलन्त असे देतात. काही कळफलक साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा जोडचिन्हाचा वर्ण, म्हणजे झीरो विड्थ जॉइनर, असे देतात. पडद्यावर दोन्ही सारखेच उमटतात, पण पोस्टग्रेस बाइट पाहते आणि तिच्या दृष्टीने हे दोन वेगळे तालुके आहेत. कुऱ्हाडे आणि गोऱ्हे या आडनावांतही हाच प्रकार सापडेल.

पोस्टग्रेस १३ पासून नॉर्मलाइझ हे फंक्शन मिळते, पण इथे ते पुरे पडत नाही. र आणि नुक्ता असे वेगळे टंकलेले असेल तर ते त्याचा ऱ करून देते, मात्र जोडचिन्हाला ते हात लावत नाही. त्यासाठी रिप्लेस वापरावे लागेल: सीएचआर(२३५२), सीएचआर(२३८१) आणि सीएचआर(८२०५) ही जोडून आलेली मालिका जिथे असेल तिथे सीएचआर(२३५३) आणि सीएचआर(२३८१) ठेवावे. सरसकट सगळी जोडचिन्हे काढून टाकण्याचा मोह टाळा, कारण अर्धी अक्षरे वेगळी दाखवण्यासाठीही ती वापरली जातात आणि ती काढल्यास लोकांच्या नावांचे रूप पडद्यावर बदलेल. एकदा जुन्या नोंदी दुरुस्त करा आणि पुढे नवी नोंद घालतानाच हे काम होईल असा ट्रिगर ठेवा. तालुका आणि गाव यांच्यासाठी मोकळी चौकट न ठेवता वेगळे टेबल करून सांकेतिक क्रमांक वापरता आला तर फारच उत्तम.

कृष्णाकाठ, सांगली

आपणा तिघांचे मनापासून आभार. दुहेरी नोंदींची यादी काढली असता त्या सर्व स्थलांतरानंतरच्याच निघाल्या. जुनी पावती शोधूनही सापडत नाही म्हणून कारकुनांनी पुस्तकात पाहून ती पुन्हा भरली होती. काही ठिकाणी पहिल्या नोंदीत निव्वळ वजन होते आणि दुसरीत बॉक्ससह वजन, त्यामुळे कार्बन प्रती काढून एकेक तपासावी लागली. आमच्या फॉरेन कीवर खरोखरच कॅस्केड होते. वारणाकाठ यांनी वेळेवर सावध केले नसते तर जावकेच्या नोंदी गेल्या असत्या. आता रीइंडेक्स झाले असून पीजी_ॲमचेक काही दोष दाखवत नाही. कऱ्हाडच्या दोन्ही किमती लांबीने ६ आणि ७ अशाच निघाल्या आणि त्याही एक केल्या आहेत.

एक प्रश्न उरतो. साताऱ्यातील कार्यालयात उबंटू १८.०४ वर या डेटाबेसचा एक स्टँडबाय (मुख्य सर्व्हरची सतत अद्ययावत होणारी प्रत) स्ट्रीमिंग रेप्लिकेशनने चालतो आणि महिनाअखेरचे अहवाल त्यावरून काढले जातात. स्थलांतराच्या वेळी तो थांबवला होता. तो आहे तसा पुन्हा जोडता येईल का? आणि पुढच्या वेळी हे टाळण्यासाठी काय करावे?

अजिंक्यतारा, सातारा

आहे तसा जोडू नका. स्ट्रीमिंग रेप्लिकेशनमध्ये इंडेक्सची पाने मुख्य सर्व्हरवर जशी घडली तशीच्या तशी पलीकडे जातात, तिथे ती नव्याने रचली जात नाहीत. उबंटू १८.०४ मध्ये जीलिबसी २.२७ आहे. सेंटओएस ७ असताना हे खपून गेले, कारण दोन्ही बाजू २.२८ च्या आधीच्या होत्या. आता मुख्य सर्व्हर पलीकडे गेला आणि स्टँडबाय अलीकडेच राहिला. जोडणी बिनतक्रार होईल, पण अहवालांतून पावत्या गळतील, आणि एखाद्या दिवशी मुख्य सर्व्हर बंद पडून तुम्ही स्टँडबायला पुढे केलेत तर दुहेरी नोंदींचे तेच चक्र उलट्या दिशेने सुरू होईल. साताऱ्याच्या यंत्रावर रॉकी ९ बसवा, पोस्टग्रेसची आवृत्ती तीच ठेवा आणि पीजी_बेसबॅकअपने स्टँडबाय पहिल्यापासून उभा करा. तोवर अहवाल मुख्य सर्व्हरवरून काढलेले बरे.

पुढच्यासाठी सांगायचे तर पावती क्रमांकासारख्या सांकेतिक स्तंभांना भाषेच्या क्रमाची गरजच नसते. ऑल्टर टेबलने त्या स्तंभाचे कोलेशन सी करा, त्यासोबत त्याचा इंडेक्सही पुन्हा बांधला जातो. जावक टेबलातील स्तंभालाही तेच कोलेशन द्या. असा इंडेक्स कोणत्याही वितरणावर नेला तरी बिघडत नाही, आणि 'टी-१-' ने सुरू होणाऱ्या सर्व पावत्या लाइकने शोधतानाही तो उपयोगी पडतो. नावांचे मात्र वेगळे आहे. सी कोलेशन युनिकोडच्या संकेतांकानुसार क्रम लावते आणि तिथे ळ हा ल आणि व यांच्या मध्ये येतो, मराठी वर्णमालेत तो ह नंतर येतो. म्हणून शेतकऱ्यांची यादी छापताना ऑर्डर बायमध्ये एमआर-एक्स-आयसीयू हे कोलेशन नमूद करा. इंडेक्स त्यावर बांधू नका. काही हजार नावे दर वेळी क्रमाने लावायला सर्व्हरला काहीच कष्ट पडत नाहीत.

ऑपरेटिंग सिस्टीमची मोठी आवृत्ती बदलताना डेटा डिरेक्टरी उचलून न नेता पीजी_डम्प आणि रिस्टोअर करावे. सेवा फार वेळ बंद ठेवता येत नसेल तर लॉजिकल रेप्लिकेशन (फायलींऐवजी नोंदींतील बदल पाठवणे) वापरावे. दोन्हीमध्ये इंडेक्स नव्या यंत्रावर, नव्या नियमांनी बांधले जातात. पीजी_अपग्रेडमध्ये हे होत नाही, ते जुने इंडेक्स तसेच उचलते. डॉकर वापरणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे, कारण पोस्टग्रेसचा क्रमांक तोच ठेवून इमेज नव्याने ओढली तरी तिच्याखालचे डेबियन बदललेले असू शकते, आणि डेबियनवरून अल्पाइनवर गेल्यास तर जीलिबसीच्या जागी मसल ही वेगळी सी लायब्ररी येते. साताऱ्याचा स्टँडबाय उभा राहिल्यावर त्यावरही '१-१' आणि '११' ची चाचणी करा आणि मुख्य सर्व्हरशी उत्तर जुळले तरच अहवाल पुन्हा तिकडे वळवा.